गुणवंताभाऊंच्या हातातलं बिल्ड

सौंसरच्या गुणवंता बोढ्यांना कोणी विचारलं, भाऊ, तुम्ही काय काम करता, की ते एवढंच म्हणत, "काट्याचं." ऐकणाऱ्याला वाटे, हा माणूस कुठल्या तरी जिनिंगच्या धर्मकाट्यावर बसून कापसाच्या गाड्या तोलत असेल. तसं नव्हतं. पांढुर्ण्याला स्टेशनच्या रस्त्यावर, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर, मुकुंदरावांची आठ माणसांची कंपनी आहे. गाडी काट्यावर चढली की तिच्या वजनाचा आकडा संगणकात घ्यायचा आणि पावती छापायची, हे करणारं सॉफ्टवेअर तिथं तयार होतं. आसपासच्या जिनिंगांत आणि संत्र्याच्या पॅकहाऊसमध्ये तेच चालतं. गुणवंताभाऊ त्या माडीवरचे.

सॉफ्टवेअर लिहिणारे मात्र ते नव्हेत. लिहिणारे चार जण वेगळे. त्यांनी आठवडाभर लिहिलेले तुकडे गोळा करायचे, क्रमानं रचायचे, जुन्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं ते पाहायचं, आणि मिलवाल्याच्या संगणकात टाकता येईल असं एक अखंड सॉफ्टवेअर बांधायचं, हे त्यांचं काम. त्याला ते लोक बिल्ड म्हणतात. सणाच्या दिवशी एकीनं कणीक मळली, दुसरीनं पुरण वाटलं, तिसरीनं तूप कढवलं, तरी पोळी लाटून तव्यावर टाकायला एक बाई बसावीच लागते. ती तव्यापाशी बसलेली बाई म्हणजे गुणवंताभाऊ.

दर शुक्रवारी, कोपऱ्यातल्या एका काळ्या मशीनवर, एकतीस कामं ते एकामागून एक करत. सगळी तोंडपाठ. कुठं कागद नाही, चिठोरं नाही. ते बीए झालेले, सौंसरच्या तहसिलीसमोर पंधरा वर्षं लोकांचे अर्ज टाईप केलेले. मुकुंदरावांनी बोलावलं म्हणून ते पांढुर्ण्याला आले आणि शिकत शिकत इथवर पोचले. इंजिनिअर पोरांमध्ये बसताना त्यांना आपली डिग्री आठवे. शुक्रवारी मात्र त्यांच्यावाचून कोणाचं पान हलत नसे. मुलीचा, डिंपलचा साखरपुडासुद्धा शुक्रवारचा मुहूर्त सोडून रविवारी केला. व्याह्यांना त्यांनी सांगितलं, "शुक्रवारी मले मरायलेही सुट्टी नाही." सांगताना चेहऱ्यावर तक्रार नव्हती, अभिमानच होता.

पाच महिन्यांपूर्वी तिगावची हिमानी कंपनीत लागली. चोवीस वर्षांची, स्कूटीवरून येणारी, हसतमुख मुलगी. दुसऱ्याच शुक्रवारी ती खुर्ची ओढून त्यांच्या बाजूला बसली.

"काका, तुम्ही हे करून राहिले ते मी लिहून घेऊ का?"

"लिहाचं काय त्याच्यात?"

"उद्या तुमची तब्येत बिघडली त..."

"बिघडत नाही वो पोरी. जामसावळीच्या मारुतीचा हात आहे माह्या डोक्यावर."

"मारुतीचा हात तुमच्या डोक्यावर आहे काका, मशीनवर थोडीच आहे?"

सगळे हसले. गुणवंताभाऊही हसले, पण त्यांनी काही लिहू दिलं नाही. आणखी एकदा तिनं विचारलं, तेव्हा त्यांनी पाण्याची बाटली भरायला जायचं निमित्त केलं.

यात लबाडी नव्हती. मोहगावला त्यांचे वडील काविळीचं औषध देत. रविवारी सूर्य उगवायच्या आत, उपाशीपोटी. कुठला पाला, कशात वाटायचा, हे त्यांनी पोटच्या पोरालाही सांगितलं नाही. सांगितलं की औषधाचा गुण जातो, असं आपल्याकडे धरतातच. गुणवंताभाऊ त्या अंगणात वाढले. जाणत्यानं आपली विद्या जपावी, ती चारचौघांत मांडू नये, हे त्यांच्या हाडातच होतं. आणि त्याच्या आत एक भीती होती, जी ते कोणाजवळ बोलत नव्हते. चोपन्नावं वर्ष चालू. ही एकतीस कामं डोक्यातून कागदावर गेली, तर त्या माडीवर आपली खुर्ची कशासाठी ठेवतील?

यंदा खांडेनवमी बुधवारी आली आणि दसरा गुरुवारी. मुकुंदराव भाविक माणूस. नवमीला ऑफिसातले सगळे संगणक पुसून, बंद करून, त्यांना हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल वाहायचं आणि दसऱ्यापर्यंत अवजाराला हात लावायचा नाही, ही तिथली रीत. फक्त ती काळी मशीन कधी बंद होत नसे. तिच्याखाली दोन मोठ्या बॅटऱ्या होत्या, वीज गेली तरी ती चालू राही. दरवर्षी गुणवंताभाऊ स्वतः तिच्यावर फूल ठेवत आणि म्हणत, "हिले राहू द्या, ही जागती देवी आहे." कोणी जास्त विचारलं नाही.

यंदा मात्र नवमीला ते घरच्यांबरोबर जामसावळीला गेले होते. पूजा मुकुंदरावांनी आणि त्यांच्या बायकोनं, स्मिताताईंनी केली. स्मिताताई म्हणाल्या, "सगळ्यांना आराम, आणि हिलाच काहून नाही? वर्षभर बिचारी राबून राहिली." त्यांनी मोठ्या मायेनं तिची धूळ पुसली, बटण दाबलं, पाच बोटं कुंकवाची लावली. मनात वाईट काही नाही, उलट देवाधर्माचंच. सहा वर्षांत पहिल्यांदा ती मशीन झोपली.

शुक्रवारी गुणवंताभाऊंनी येऊन पाहिलं तर पडदा काळा. पण बटण दाबल्यावर मशीन उठली. त्यांनी नेहमीप्रमाणे एकतीस कामं केली. कुठं लाल अक्षर नाही, कुठं अडथळा नाही. चाळीस मिनिटांनी सॉफ्टवेअर बांधून झालं. मग ते परीक्षेच्या छोट्या काट्यावर लावलं, वर पाच किलोचं माप ठेवलं आणि पावती छापली. वजन आलं शून्य.

पुन्हा केलं. शून्य. शनिवारी दोनदा केलं, दोन्ही वेळा शून्य.

यंदाचं नवं सॉफ्टवेअर दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरसाठी होतं. मोठा काटा नसला तर पुढची ट्रॉली वेगळी, मागची वेगळी तोलायची आणि पावती एकच द्यायची. पांढुर्ण्याजवळच्या एका जिनिंगमध्ये येत्या गुरुवारी काट्याची पूजा होऊन कापसाची खरेदी सुरू व्हायची होती, आणि त्या मिलला याच सॉफ्टवेअरचा शब्द दिला होता. जुन्यावर भागणार नव्हतं.

"झालं का गुणवंताभाऊ?" मुकुंदरावांनी शनिवारी विचारलं.

"होऊन राहिलं सर. एक तुकडा राहिला."

असं खोटं ते कधी बोलत नसत. सौंसरच्या बसमध्ये खिडकीशी बसून ते मनातल्या मनात एकतीस कामं मोजत आले. मोजणी बरोबर येत होती. मग चुकतंय कुठं? आपण विसरू लागलो का? हा प्रश्न मशीन बिघडण्यापेक्षा भारी होता.

रविवारी सकाळी प्रतिभाबाई, त्यांची बायको, ओसरीवर बरबटीच्या शेंगा तोडत होत्या. नवरा तिसऱ्यांदा अंगणात येऊन उभा राहिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "काय झालं ते सांगून टाका. नाही त शेंगा तोडू लागा."

त्यांनी खाली बसून शेंगा तोडायला घेतल्या आणि सांगितलं. सगळं. शून्य वजन, मुकुंदरावांशी बोललेलं खोटं, आणि ती हिमानी लिहून घेतो म्हणते तेही.

"मंग लिहू द्या ना तिले."

"अन् मंग माहं काय काम राहीन वो तिथी?"

प्रतिभाबाईंनी शेंग खाली ठेवली. "बाबा गेले तवा त्यायच्या संगं काय गेलं, आठवते? झोपेतच गेले. दुसऱ्या साली भिवाजीच्या पोराले कावीळ झाली. तुमचा चुलतभाऊ तो, आपल्या दारात उभा राहून रडला. तुम्ही नदीकाठचा सारा पाला हुंगत फिरले. सापडला? पोराले नागपूरच्या दवाखान्यात तीन आठवडे ठेवलं. मारुतीनं वाचवलं म्हणून. त्या औषधाचा गुण न सांगता राहिला का?"

गुणवंताभाऊंनी पुढची शेंग उचलली.

"अन् तुम्ही विसरून राहिले असान त हे तुमच्या हाती नाही. पण सांगून ठेवणं त तुमच्या हाती आहे."

सोमवारी ऑफिसात गेल्यावर त्यांनी आधी मुकुंदरावांच्या खोलीत जाऊन खरं सांगितलं. मुकुंदराव रागावले नाहीत. मशीन आपल्याच घरच्यांनी बंद केल्याचं आठवून ते उलट ओशाळले. मग गुणवंताभाऊंनी हिमानीच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, "चाल. लिहून घे."

"सगळं?"

"सगळं. पण मले हसजो नको."

ती बाजूला बसली. ते तोंडानं सांगू लागले, तशी ती म्हणाली, "सांगू नका काका. नुसतं करा. मी तुमच्या हाताकडं पाहतो." भाकरीच्या पिठाला पाणी किती, असं सुगरणीला विचारलं तर तिला सांगता येत नाही. ती म्हणते, लागेल तेवढं. तिच्या हाताकडे पाहिलं तरच कळतं. त्या पोरीला हे कोणी शिकवलं, देव जाणे.

हात चालू झाले. हिमानी एक-एक बोट टिपत होती. अठराव्या कामाला ती एकदम म्हणाली, "थांबा थांबा. आता तुम्ही काय टाईप केलं?"

"काही नाही. काट्याची फाईल उचलली."

"कुठून?"

"के मधून."

"के म्हणजे कोणती जागा?"

गुणवंताभाऊंनी पडद्याकडे पाहिलं. हातानं के लिहिलं होतं, पण मशीनमध्ये त्या नावाची जागाच नव्हती. मग त्यांना आठवलं. सहा वर्षांपूर्वी, एका कामाच्या गडबडीत, काट्याच्या फाईली ठेवलेल्या फोल्डरला त्यांनी तात्पुरतं के असं नाव देऊन ठेवलं होतं. ते नाव मशीन चालू असेपर्यंतच टिकणारं. मशीन कधी बंदच झाली नाही, म्हणून तात्पुरतं ते कायमचं झालं, आणि ते दिलं होतं हेही ते विसरले. नवमीला मशीन झोपली आणि नाव पुसलं गेलं. के सापडलं नाही म्हणून मशीननं तक्रार न करता कुठलीशी जुनी, रिकामी फाईल उचलली. म्हणून शून्य.

नाव पुन्हा दिलं. चाळीस मिनिटं वाट पाहिली. माप ठेवलं. पावती आली पाच किलो.

गुणवंताभाऊंनी डोळे मिटून हात जोडले. आपण म्हातारपणानं विसरलो नव्हतो. जे कधी मोजणीत धरलंच नव्हतं, ते गेलं होतं.

"झालं बापा," ते म्हणाले.

"नाही झालं काका," हिमानी म्हणाली. "आता ही मशीन पुन्हा झोपली त? जळली त? हे सगळं मी असं लिहितो की मशीननं आपलं आपण करावं. आणि ते या काळीवर नाही, त्या कोऱ्या संगणकावर करून पाहू. त्याले तुमच्या हाताची सवयच नाही."

कोऱ्या संगणकावर पहिल्या खेपेला ते नवव्या कामाला पडलं. गुणवंताभाऊ दरवेळी नकळत जुना कचरा पुसत, ते लिहायचंच राहिलं होतं. दुसऱ्या खेपेला चौदाव्याला पडलं. तिथं लाल अक्षरांत मंगेशच्या एका फाईलचं नाव आलं. मंगेश त्या चौघांतला सर्वांत जुना, जरा तोऱ्याचा.

"माझी फाईल बरोबर आहे," तो म्हणाला. "इतके दिवस चालते कशी मग?"

गुणवंताभाऊ खाली मान घालून म्हणाले, "तू नावात जागा सोडतं मंगेश. मी दर शुक्रवारी ते नाव सुधरवतो."

"कधीपासून?"

"तू लागला तवापासून."

धनश्री, त्याच्या शेजारी बसणारी, म्हणाली, "म्हणजे पाच वर्षं काका तुझं नाक पुसून राहिले आणि तू म्हणतो मला सर्दीच नाही!" ऑफिसात असा हशा उठला की खालचा हार्डवेअरवाला वर येऊन पाहून गेला. मंगेशला राग आला असता. पण तो उठला, गुणवंताभाऊंसाठी चहा घेऊन आला, आणि म्हणाला, "काका, मला सांगायचं ना."

"सांगतलं असतं त माह्याजवळ काय उरलं असतं?" असं गुणवंताभाऊ बोलून गेले. हसत बोलले, पण हिमानीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

एकतीस कामांची शेवटी अठ्ठेचाळीस निघाली. सतरा अशी, जी त्यांचे हात करत होते आणि डोक्याला माहीत नव्हती. मंगळवारी संध्याकाळी, सातव्या खेपेला, कोऱ्या संगणकानं कोणी हात न लावता पूर्ण सॉफ्टवेअर बांधलं. चाळीस मिनिटांचं काम सहा मिनिटांत. पडद्यावर हिरवी पट्टी आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गुणवंताभाऊंनीही वाजवल्या. मग ते मुकुंदरावांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"सर, आता शुक्रवारी मी काय करू?"

मुकुंदराव खरा माणूस; त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाले, "मला आजच सांगता येत नाही भाऊ. गुरुवारचं पार पडू द्या. त्या दिवशी तुम्ही मिलवर जा, हिमानीला घेऊन."

बुधवारची रात्र त्यांनी कशी काढली ते प्रतिभाबाईंनाच ठाऊक. सकाळी देवापाशी त्यांनी काही मागितलं नाही. म्हणाले, इतकी वर्षं काम दिलंस, चालवून घेतलंस, बस.

गुरुवारी मिलच्या काट्याला तोरण बांधलं होतं. नारळ फुटला. विनोद नावाचा काटेवाला खिडकीत बसला होता. पहिला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन चढला. पुढची तोलली, मागची तोलली, पावती एक आली, आकडा बरोबर. हिमानीचा चेहरा फुलला. गुणवंताभाऊ मात्र पावतीकडे नव्हे, काट्याकडे पाहत होते.

"पोरी, इकडं पाह्य. ड्रायव्हर पुढची ट्रॉली तोलताना वरच बसून राहिला, मागची तोलताना खाली उतरला. त्याचं वजन कापसात गेलं."

हिमानी म्हणाली, "हे तर आम्हाला कधी सुचलंच नसतं."

"अन् ते पाह्य. ट्रॉली अजून डुलून राहिली अन् आकडा घेतला. थांबाले पाहिजे." पंधरा वर्षं अर्जदारांची गाऱ्हाणी टाईप केलेला माणूस; कुठं शेतकऱ्याचं जातं आणि कुठं मिलवाल्याचं, ते त्यांना लगेच दिसत होतं.

"काका," हिमानी म्हणाली, "हे लिहून द्या ना मला. बिल्ड झालं की मशीन दरवेळी आपोआप हे तपासून पाहील. ट्रॉली डुलत असली त आकडा घेते का, दोन वजनांच्या मध्ये ड्रायव्हर उतरला-चढला का, हे विचारते का. तपासणीत नापास झालं त ते सॉफ्टवेअर बाहेरच जाणार नाही. मशीनला बांधता येते, पण काय तपासायचं ते तिला कोण सांगणार? मंगेशनं त काट्यावर बैलगाडी चढलेली पाहिली नाही जन्मात."

तिनं तिथूनच मुकुंदरावांना फोन लावला आणि सगळं सांगून फोन गुणवंताभाऊंच्या हातात दिला. पलीकडून मुकुंदराव म्हणाले, "भाऊ, परवा विचारलं होतं ना तुम्ही? शुक्रवारी काट्यावर जा. एकेका मिलच्या. पाहा, लिहा, आणून द्या. हे काम तुमच्याशिवाय मला कोणाला देता येत नाही."

गुणवंताभाऊंनी फोन परत दिला आणि मिलच्या आवारातल्या नळावर जाऊन तोंड धुतलं.

आता माडीवर रोज संध्याकाळी बिल्ड आपोआप होतं. कोणाचं चुकलं तर त्याच दिवशी ज्याचं त्याला कळतं, शुक्रवारपर्यंत झाकून राहत नाही. खांडेनवमीला सगळ्या मशीन सुखानं झोपू शकतील. स्मिताताईंना अजून अपराधी वाटतं. गुणवंताभाऊ त्यांना म्हणतात, "वहिनी, तुमच्याच हातून देवीनं बटण दाबवलं. ऐन हंगामात बंद पडली असती त मी कुठी तोंड दाखवलं असतं?" आणि हे ते मनापासून म्हणतात.

परवा शुक्रवारी ते मोहगावच्या एका लहान काट्यावर बसले होते. त्यांनी लिहून दिलेल्या तपासण्यांचा आकडा त्रेचाळीसवर गेला आहे. कापसाची एक बैलगाडी चढली, आणि डाव्या बैलाचा मागचा एक पाय काट्याच्या बाहेर राहिला. काटेवाल्यानं आकडा घेतला. गुणवंताभाऊ ताडकन उठले, पेन हातात घेऊन खिडकीबाहेर डोकं काढलं आणि गाडीवाल्याला हाक मारली.

"ओ दादा, थांबा थांबा! मांगं घ्या गाडी, अन् पुन्हा तशीच चढवा बरं. बैलाचा पाय भायेर ठेवूनच!"

"काहून?" गाडीवाला ओरडला. "चुकीचं तोलाचं आहे का?"

"हो," गुणवंताभाऊ म्हणाले, "एक डाव चुकीचं तोलून पाह्यचं आहे. मंग बराबर तोलू."